कणकेचं बोट

त्या घरात नाताळला विकत आणलेली भेट द्यायची नाही असा नियम होता, आणि तो मुलींच्या बापाने केलेला होता. बाप कवळ्या बनवी. वर्षभर अनोळखी माणसांच्या हिरड्यांचे साचे त्याच्याकडे येत, तो त्यांवर दात बसवी, आणि ज्या तोंडांसाठी ते दात असत ती तोंडे त्याला सहसा कधी दिसत नसत. त्यामुळे असेल किंवा मुळात स्वभावच तसा असेल, पण वर्षाच्या शेवटी निदान घरच्यांसाठी वस्तू करताना समोर माणूस असला पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. दुकानातून आणली की ती भेट नव्हे, खरेदी, असे तो म्हणे. सामान ठरलेले: मैदा, मीठ आणि पाणी. मैद्याच्या निम्मे मीठ घालून कणीक घट्ट मळायची, हवी ती वस्तू घडवायची, मंद ओव्हनमध्ये वाळवायची आणि रंगवायची. दोघी मुली रंगवण्याआधी आपापली वस्तू चाटून पाहत आणि तोंडे वाकडी करत. तो म्हणे, चाटा खुशाल, पण चावू नका. दात पडले तर कवळी मलाच करावी लागेल, तीही फुकट.

त्या वर्षी तो काचेपलीकडे होता. रक्ताचा कर्करोग मुळापासून काढायचा म्हणून औषधांनी त्याच्या हाडांतली जुनी मज्जा मारून टाकली होती आणि तिच्या जागी त्याच्या बहिणीची मज्जा सोडली होती. ती रुजेपर्यंत त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. एरवी ज्या जंतूंची कोणी दखलही घेत नाही, त्यांतला कोणताही त्याला पुरून उरला असता. म्हणून खोलीत हवा गाळून येई, एका भिंतीला मोठी काच होती आणि काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक फोन. फुले, कागद, लोकर, घरचे अन्न यांतले काही आत जात नसे.

त्याच्या बायकोला हे नियम समजावून सांगण्याची गरज कोणाला पडली नाही. सलाइनच्या बाटल्या भरणाऱ्या कारखान्यात ती निर्जंतुकतेच्या तपासणीची प्रमुख होती. तिच्या कामाचा गाभा इतकाच, की बाटलीत काहीही जिवंत नाही हे सिद्ध करायचे. सिद्ध करणे हा शब्द ती जपून वापरी. बाटल्या तापवल्या म्हणजे निर्जंतुक झाल्या असे ती मानत नसे. प्रत्येक बॅचमधल्या काही बाटल्या फोडायच्या, आतले पाणी जंतूंना आवडेल अशा द्रवात मिसळायचे, नळ्या उबदार कपाटात ठेवायच्या आणि वाट पाहायची. द्रव गढूळ झाला तर सगळा माल गटारात. एकदा यंत्रावरची, तापले की रंग बदलणारी पट्टी व्यवस्थित काळी झाली होती, तापमान बरोबर होते, वरिष्ठ माल सोडा म्हणून डोक्यावर बसले होते, आणि तिने अडवून धरलेल्या त्या बॅचच्या नळ्या पाचव्या दिवशी गढुळल्या होत्या. तेव्हापासून तिच्याशी वाद घालायला कोणी जात नसे. कारखान्यात पाठीमागे तिला जंतूबाई म्हणत. नवरा तोंडावर म्हणे.

शाळेला सुट्टी लागली तसा बाबाला काय द्यायचे हा प्रश्न घरात निघाला. चित्र काढून काचेला लावू, असे आईने सुचवले. थोरली सात वर्षांची होती आणि शब्दांच्या बाबतीत आईवर गेली होती. ती म्हणाली, "ते दाखवणं झालं. देणं नाही." आजी, म्हणजे कवळीवाल्याची आई, भाजी निवडत बसली होती. तिने मान वर न करता म्हटले, की लाड बापाने करायचे आणि वकिली आईने शिकवायची, मग पोरी अशाच निपजणार.

कल्पना थोरलीचीच. बाबा दोघींना शाळेत सोडायला चालत नेई. थोरली त्याची दोन बोटे धरी, धाकटीच्या मुठीत एकच मावे. आता बोट धरता येत नव्हते. पण धरलेले बोट देता येईल, असा तिचा हिशेब. बाबाच्या बोटाएवढी कणकेची जाड वळी करायची, ती मुठीत दाबायची, आणि मुठीचा ठसा उमटलेली ती वळी वाळवून त्याला पाठवायची. त्याने हातात घेतली की कुठे कोणाचे बोट होते ते त्याला न बघताही कळेल. ठसे ओळखणे हाच तर त्याचा धंदा.

आईला यात शास्त्राच्या दृष्टीने दोष काढता येईना. तिने वॉर्डच्या मोठ्या सिस्टरना विचारले. सिस्टरनी डॉक्टरांना विचारले. कोरड्या उष्णतेत निर्जंतुक करून दुहेरी पाकिटात बंद केलेली वस्तू असेल तर हरकत नाही, असा निरोप आला.

कणीक आजीने मळली. जाडी धाकटीने ठरवली. तिच्यापुढे पहिली वळी ठेवली तेव्हा तिने ती मुठीत घेतली आणि परत दिली. हे बाबाचं नाही, आजीचं आहे, म्हणाली. दुसरी फार जाड निघाली. तिसरी तिने घेतली आणि दाबली. बराच वेळ दाबूनच ठेवली. ठसा उमटलाय, सोड आता, असे आई म्हणाली, तर धाकटीने मान हलवली.

"अजून रस्ता ओलांडला नाही."

थोरलीने बाबाच्या दोन बोटांच्या मापाची वळी धरली आणि वेळच्या वेळी सोडली. मग आईने उरलेल्या कणकेची आणखी एक वळी केली. थोरलीने लगेच विचारले, ही कोणाची. आई म्हणाली, तपासणीची. आत काही जिवंत राहिले का ते वस्तू फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडलेली वस्तू बाबाला देता येत नाही. म्हणून त्याच कणकेची, तितकीच जाड, तशीच दाबलेली एक जादा लागते. जी गोष्ट तिच्या बाबतीत होईल तीच या दोघींच्या बाबतीत झाली असे धरायचे.

"तशीच दाबलेली म्हणजे कोणी दाबायची?" थोरली म्हणाली.

आईने दाबली. दाबताना तिच्या लक्षात आले, की नवऱ्याचे बोट किती जाड आहे हे आपल्याला सांगता आले नसते; धाकटीला आले.

आजीने सुनेच्या मुठीकडे पाहिले. "मग तुझंही पाठव की त्याला."

"माझं फोडायचंय, आई."

"बरोबर आहे," आजी म्हणाली. "तू दुसरं काय करणार म्हणा त्याचं."

कारखान्यातल्या काचसामानाच्या ओव्हनमध्ये तिन्ही वळ्या एका ओळीत ठेवल्या गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्या बिस्किटाच्या रंगाच्या झाल्या होत्या आणि थोरलीच्या वळीला करंगळीच्या खाचेत बारीक तडा गेला होता. पट्टी काळी झाली होती. दोन वळ्या दुहेरी पाकिटात गेल्या. तिसरी तिने जंतुविरहित कपाटात चिमट्याने फोडली. आपल्या तर्जनीची खाच कोणत्या तुकड्यावर गेली ते तिला दिसले, आणि तो तुकडा तिने इतरांसारखाच नळीत टाकला.

एक अडचण होती, आणि ती ओळखणारे त्या इमारतीत दुसरे कोणी नव्हते. मिठात सगळे जंतू मरत नाहीत. काही नुसते दबून राहतात आणि मेल्याचे सोंग आणतात. म्हणून मिठाचा जोर राहू नये इतका द्रव तिने घेतला, आणि एका वेगळ्या नळीत त्याच वळीच्या चुऱ्याबरोबर मुद्दाम जिवंत जंतू सोडले. ती नळी गढूळ झाली तरच बाकीच्यांच्या स्वच्छ असण्याला अर्थ होता. नियमाने दोन आठवडे थांबायला हवे होते. तिने स्वतःला एका आठवड्याची सवलत दिली. ही सवलत घेताना तिला आपण लबाडी करतो आहोत असे वाटले, इतकी ती या बाबतीत सोवळी होती. नाताळ त्या आठवड्याच्या पोटात येत होता.

संध्याकाळी ती वॉर्डात गेली तेव्हा मोठ्या सिस्टरनी हात पुढे केला. धुतलेले कपडे आता आत जातील, त्यांच्याबरोबर देते, म्हणाल्या. तिने पर्स उघडली नाही. तपासणीचा निकाल यायचा आहे, असे सांगितले.

"पट्टी काळी झाली ना?"

"झाली. पट्टी तापलं एवढंच सांगते. मेलं का, ते सांगत नाही."

सिस्टर म्हणाल्या, की इथल्या चादरी, टॉवेल, सगळे पट्टीवरच आत जाते; चादरींची परीक्षा घेत बसलो तर पेशंट उघड्या गादीवर झोपेल. तिने उत्तर दिले, की चादरी पिठाच्या नसतात. धान्याबरोबर मातीतले जे जंतू येतात ते कवच करून बसतात आणि तापमान सोसतात, हे तिने थोडक्यात आणि अचूक सांगितले. सिस्टरनी ते ऐकून घेतले.

"बघा बाई. पाकीट तुमचं, पेशंटही तुमचाच."

मग ती काचेपाशी आली आणि फोन उचलला. आत त्याने उचलला. औषधांनी त्याच्या तोंडात फोड आले होते, त्यामुळे तो शब्द ओठांच्या कडेने काढी. दुसऱ्यांच्या तोंडांवर पोट भरणाऱ्याला तोंडानेच दगा द्यावा, यावर त्याने पहिल्याच दिवशी विनोद करून घेतला होता. वळ्यांची गोष्ट त्याला मुलींनी आधीच सांगून टाकली होती. आणलंस का, असे त्याने विचारले. तिने सगळे सांगितले: ओव्हन, पट्टी, मीठ, नळ्या, आठवडा. तिसरी कोणाची, असे त्याने विचारले तेव्हा माझी, म्हणाली.

तो हसला आणि हसल्याची किंमत म्हणून थोडा वेळ डोळे मिटून थांबला. मग म्हणाला, "जंतूबाई, मी कितीही मापं घेतली तरी कवळी बसते की नाही ते तोंडात घातल्यावरच कळतं."

"कवळी सैल झाली म्हणून माणूस मरत नाही."

"नाही. शिव्या देतो नुसत्या." त्याने हात पाहिला, पालथा करून पुन्हा पाहिला. "दे ना गं. आजच दे."

आयुष्यात त्याने तिच्याकडे अशी मागणी क्वचितच केली होती. तिने नाही म्हटले. कारणे पुन्हा सांगितली नाहीत. ती त्याला समजली होती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि समजूनही त्याने मागितले होते.

"बरं," तो म्हणाला. "नाताळ झाल्यावर तर नाताळ झाल्यावर. मला कुठं जायचंय."

नाताळच्या दिवशी मुली काचेपाशी आल्या. धाकटीला खुर्चीवर उभे केले. बाबाने आतून तर्जनी काचेला लावली आणि धाकटीने बाहेरून त्या जागेवर मूठ वळायला घेतली. मूठ मिटेना. तिने दोनतीनदा नखे घासून पाहिली आणि मग रागाने सगळ्यांकडे वळून म्हणाली, की हे सपाट आहे. थोरलीने फोन घेऊन विचारले, आमचं बोट अजून मिळालं नाही का. बाबा म्हणाला, आईची परीक्षा चालू आहे, पास झालो की मिळणार. थोरलीने फोन ठेवला आणि परीक्षा बाबाची आहे का बोटाची, असे आईला विचारले. बोटाची, आई म्हणाली. आजी मागे भिंतीपाशी उभी राहून प्रार्थना पुटपुटत होती. सुनेचा प्रार्थनेवर विश्वास नव्हता, पण आज ती सासूच्या ओठांकडे बघत राहिली.

त्याच रात्री त्याला थंडी वाजून ताप आला. दुसऱ्या दिवशी रक्तदाब घसरला, श्वास अपुरा पडू लागला, आणि त्याला झोपेचे औषध देऊन घशात नळी घालावी लागली. रक्तात जंतू सापडले. कोणते, हे डॉक्टरांनी तिला नाव घेऊन सांगितले. ती त्याच शास्त्राची, म्हणून त्यांनी काही सोपे करून सांगितले नाही. आतड्यात राहणारे जंतू होते ते. औषधांनी आतड्याचे अस्तर झिजले होते आणि चाळीस वर्षे त्याच्या पोटात गुण्यागोविंदाने नांदलेले हे भाडेकरू भिंत ओलांडून रक्तात आले होते.

"बाहेरून काहीही आलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही काळजी घेण्यात कुठेही कमी पडला नाहीत."

त्यांना तिला धीर द्यायचा होता. तिने मान हलवली. या आजारात धोका बहुतेक वेळा आतूनच येतो, हे तिला आधीपासून माहीत होते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या काही पानांत ते सापडते. दारावर ती डोळ्यांत तेल घालून बसली होती, कारण दाराचे काम तिला येत होते.

आठवडा भरला. कारखान्यात जाऊन तिने कपाट उघडले. जिवंत जंतू सोडलेली नळी दाट गढूळ होती. बाकीच्या सगळ्या पाण्यासारख्या होत्या. तळाशी मैद्याचा चुरा बसला होता आणि तर्जनीची खाच असलेला तुकडा अजून ओळखू येत होता. वाढ नाही. हा निकाल तिने शेकडो वेळा दिला होता आणि दर वेळी त्याने तिला बरे वाटले होते. नळ्या तिने उजेडापुढे धरल्या, खाली ठेवल्या, पुन्हा धरल्या. मग ती पाकिटे घेऊन निघाली.

प्रकृती इतकी खालावल्यावर घरच्या एका माणसाला आत सोडत, म्हणून आता तिला आत जाता येत होते. झगा, टोपी, मुखपट्टी, हातमोजे. मोठ्या सिस्टरनी पाकिटे हातात घेतली आणि लगेच फोडली. त्याच्या तर्जनीला प्राणवायू मोजणारा चिमटा लावला होता; सिस्टरनी तो काढून दुसऱ्या हाताच्या बोटाला लावला. हात पाण्याने सुजला होता. बोटे इतकी फुगली होती, की धाकटीने त्या दिवशी नापास केलेली जाड वळी आता जुळली असती. तिने धाकटीचे बोट त्याच्या तळव्यावर ठेवले आणि त्याची बोटे एकेक करून मिटली. हात काढून घेतला तशी ती सावकाश उघडली. पुन्हा मिटली, पुन्हा उघडली.

"बोला त्यांच्याशी," सिस्टर म्हणाल्या. "ऐकू येतं त्यांना."

या विधानाला पुरावा काय, हे तिने विचारले नाही. धाकटीचं आहे, म्हणाली, आणि मग थोरलीचं आहे म्हणून दुसरे ठेवले. बोलताना तिची नजर पडद्यावरच्या आकड्यांवर होती. नाडी बदलली नाही. रक्तदाब बदलला नाही. बघायला नको होते, पण न बघणे तिला कधी जमले नव्हते. शेवटी सिस्टरनी दोन्ही वळ्या तळव्यात ठेवून वरून बँडेजचे दोन सैल वेढे दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. चष्मा, फोन, घड्याळ आणि दोन वळ्या एका पिशवीत घालून सिस्टरनी तिच्या हातात दिल्या.

जिन्यातच आजीने तिला गाठले. आजीचा आवाज बसला होता. पोरी विचारणार, ती म्हणाली. त्यांना सांग त्याने घट्ट धरलं होतं. एवढं खोटं चालतं. माझ्याकडून म्हणून सांग, वाटलं तर पाप माझ्या नावावर घाल. सून पिशवी घेऊन जिना उतरत राहिली.

येणारीजाणारी माणसे संपून घर रिकामे झाल्यावर थोरलीने विचारले. ती स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती, जिथे कणीक मळली होती तिथेच. पिशवी तिने आधीच शोधून काढली होती आणि दोन्ही वळ्या समोर ठेवल्या होत्या.

"बाबाने धरलं का?"

आजी दारात होती. तिने सुनेकडे पाहिले.

"मी त्याच्या हातात ठेवलं," आई म्हणाली. "त्याची बोटं मी मिटली."

"आणि सोडल्यावर?"

"उघडली."

थोरलीने थोडा विचार केला. "म्हणजे तू धरलंस."

"हो."

"परीक्षेत काय आलं?"

"काही नव्हतं त्यात. स्वच्छ होतं."

"कधीपासून?"

आजीने सुनेला नावाने हाक मारली, अगदी हळू. सून वळली नाही.

"ओव्हनमधून निघालं तेव्हापासून."

थोरलीने ओट्यावर बोटाने दिवस मोजले. वजाबाकी त्यांना शाळेत शिकवून झाली होती. तिने आपली तडा गेलेली वळी उचलली, आईपासून दूर, खिडकीकडे नेली आणि आईकडे पाठ करून उभी राहिली. आई तिच्या मागे गेली नाही. आजी ओट्याशी येऊन मैद्याचा डबा उगाच पुसू लागली, आणि पुसता पुसता म्हणाली, की जन्मात एकदा खोटं बोलली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं. पण तिच्या बोलण्यात नेहमीचा दंश नव्हता.

धाकटीने ओट्यावरून आपले बोट ओढून घेतले. तिने मूठ खाचांमध्ये बसवली. कणीक वाळून आखडली होती, मूठ नीट बसली नाही. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि जीभ लावली.

ही वस्तू कुठून आली होती, तिच्यावर आता कोणाच्या हातांवरचे काय काय असणार, हे त्या घरात एकाच माणसाला नावानिशी सांगता आले असते. आईचा हात अडवायला उठला होता. तो अर्ध्यावर थांबला.

"खारट आहे," धाकटी म्हणाली, आणि सवयीने बाबा कवळीचे ते वाक्य म्हणेल म्हणून थांबली.